चौफुल्याचा फाटा आणि बार्तिमी सदन

आम्ही अकलूजकर पुण्याला निघालो की रस्ता ठरलेला. इंदापूर, भिगवण, पाटस, चौफुला, यवत, हडपसर. यातलं चौफुला म्हटलं की लोकांना तिथली कला केंद्रं आठवतात, आणि अकलूजची लावणी स्पर्धा अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असल्यामुळे ऑफिसात कुणी ना कुणी डोळा मारतंच. मारू देत :) तुकोबांची पालखीही याच बाजूनं येते. यवत, वरवंड करत पुढे बारामती, इंदापूर आणि मग आमचं अकलूज. म्हणजे लावणी आणि पालखी दोन्ही एकाच रस्त्यावर. सोलापूर जिल्ह्याचा स्वभावच तो.

पण आजचा विषय या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. अकलूजहून येताना चौफुल्याला उजवीकडे वळलं की थोड्याच अंतरावर केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, संस्कृत पंडिता, नंतर ख्रिस्ती झालेल्या... संपला धडा. चार मार्कांची टीप. मुक्ती मिशनमधे जी वेगवेगळी सदनं होती त्यातलं एक अंधांसाठी होतं आणि तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अनाथ अंध मुलींना ब्रेल शिकवत होते, हे मला पार तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्या सदनाचं नाव बार्तिमी सदन.

बार्तिमय हा बायबलातला एक आंधळा भिकारी. मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. यरीहो गावाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेला असतो. येशू चाललाय हे कळल्यावर तो ओरडायला लागतो आणि आजूबाजूची माणसं त्याला गप्प बस म्हणून दटावतात. तो गप्प बसत नाही, आणखी मोठ्यांदा ओरडतो. पंढरपूरच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटायचं कारणच नाही. आषाढीला चंद्रभागेच्या वाटेवर फडकं पसरून बसलेले, टाळ वाजवणारे अंध भिकारी मी लहानपणापासून पाहत आलोय. दटावणारेही पाहिलेत.

तर मंडळी, आधी एक साधा प्रश्न. १९०० च्या आसपास अनाथाश्रमांमधे एवढी अंध मुलं आली कुठून?

याचं उत्तर दुष्काळात आहे. आज अकलूज म्हटलं की ऊस, साखर कारखाने, केळी, डाळिंब. पण नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी येण्याआधीचा माळशिरस तालुका म्हणजे माळरान. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा कारखाना काढला तो १९३२ साली. त्याआधी पाऊस गेला की सगळंच गेलं. १८७६-७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याच्या उरावर बसला होता. मग १८९६-९७ चा आला, आणि लोक त्यातून उठतायत तोवर १८९९-१९०० चा. यातल्या कुठल्याही दुष्काळाचं वर्णन वाचलं की मेलेली जनावरं, खडी फोडायची कामं आणि ओस पडलेली गावं यांच्याबद्दल असतं. डोळ्यांबद्दल क्वचितच असतं.

दुष्काळात पहिल्यांदा दूध जातं, मग पालेभाजी जाते, मग धान्य. दूध आणि पालेभाजी गेली की लहान मुलांच्या शरीरातला 'अ' जीवनसत्त्वाचा साठा संपायला लागतो. आधी संध्याकाळी दिसेनासं होतं, त्याला आपण रातांधळेपणा म्हणतो. मग डोळे कोरडे पडतात, बुबुळावरचा पारदर्शक पडदा निस्तेज होतो. अशात गोवर आला किंवा हगवण लागली की तो पडदा काही दिवसांत अक्षरशः विरघळतो आणि डोळा कायमचा जातो. हे मुख्यतः पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना होतं. त्यातून ज्यांचे डोळे वाचले त्यांच्यातले काही देवीच्या साथीत गेले, कारण देवीचे फोड बुबुळावर उठले की पांढरा डाग राहतो. तेव्हा यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. 'अ' जीवनसत्त्वाचा शोधच लागला १९१३ साली. म्हणजे १९०० मधे ज्या बाईनं दुष्काळी छावणीतून एखादी आंधळी पोर उचलून आणली, तिला एवढंच दिसत होतं की पोर आंधळी आहे आणि तिचं कुणी नाही. तेच कुपोषण एकीकडे आईबाप मारत होतं आणि दुसरीकडे डोळे. 'अनाथ' आणि 'अंध' हे दोन शब्द एकाच मुलीला लागले, त्यात योगायोग काही नव्हता.

आता रमाबाईंकडे येतो. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण हा भाग पाठ्यपुस्तकात गाळलेला असतो.

रमाबाई जन्मल्या १८५८ साली. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना सनातन्यांचा त्रास झाला. सगळं कुटुंब वर्षानुवर्षं पायी फिरत राहिलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांच्याकडचं सगळं संपलं. त्या वेळी अनंतशास्त्री म्हातारे झाले होते आणि त्यांची दृष्टी गेलेली होती. उपाशीपोटी ते गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. वडिलांनी शेवटचा निरोप घेताना आपल्याला जवळ ओढलं, पण आपला चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे पुढे दुष्काळातल्या अनाथ अंध मुलींना घरात घेणारी ही बाई स्वतः दुष्काळातली अनाथ होती, आणि तिनं अंध बापाला उपासमारीनं मरताना पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट आणखी कमी लोकांना माहीत असते. रमाबाईंना स्वतःला ऐकू कमी यायचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. हंटर आयोगापुढे १८८२ मधे साक्ष देताना त्यांनी या देशात बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं होतं. पण तिकडे गेल्यावर कानांमुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. शारीरिक अडचणीमुळे शिक्षणाचं दार बंद झाल्याचा हा अनुभव स्वतःच्या अंगावरचा होता, कुणाचा ऐकून घेतलेला नव्हे. मग त्या शिक्षणाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. १८८६ मधे आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे फ्रोबेलची बालवाडी पद्धत शिकल्या. मणी, ठोकळे, विणकाम, घड्या, माती असल्या वस्तू हाताळून शिकणं. हे लक्षात ठेवा, कारण अंध मुलाला शिकवायचं तर फळा उपयोगाचा नाही, हातच लागतात.

पुढचं थोडक्यात. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. १८९३ मधे मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातायत म्हणून मोठा गदारोळ, 'केसरी'ची झोड, रानडे आणि भांडारकरांसारख्या पाठीराख्यांचे सल्लागार मंडळातून राजीनामे. १८९६-९७ चा दुष्काळ पडल्यावर रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती, विहिरी खणल्या होत्या. मुलींचा मुक्काम तिथे हलला आणि १८९८ मधे 'मुक्ती'ची रीतसर स्थापना झाली. १९०० मधे गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या माळावर दीड-दोन हजार माणसांचं गावच वसलं. शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवलेलं. स्टार्टअपवाल्यांनी या बाईचा अभ्यास करायला हवा खरं तर. फंडिंग राउंडचं म्हणाल तर बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशननं पहिली दहा वर्षं पैसे पुरवले, आणि नंतरचा सगळा कारभार देणग्या आणि प्रार्थना यांच्या भरवशावर :)

या गावात वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदनं होती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन. हे अंधांचं काम मुख्यतः रमाबाईंच्या मुलीनं, मनोरमाबाईंनी उभं केलं. मनोरमा १८८१ चा जन्म, दहा महिन्यांची असताना वडील गेले, आईच्या मागे इंग्लंड, अमेरिका, मुंबई, पुणे असं तिचं बालपण. अमेरिकेत शिकत असताना ती ब्रेल शिकून आली आणि केडगावला परतल्यावर अंध मुलींना शिकवायला लागली. ब्रेल वाचणं-लिहिणं आणि जोडीला टोपल्या, विणकाम असं पोटापुरतं हातकाम. शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवायचं.

हे किती लवकरचं आहे ते बघा. हिंदुस्थानातली पहिली अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला १८८७ मधे काढली. १८९० मधे पाळयंकोट्टईला मिस ॲस्क्विथ यांनी. १८९७ मधे कलकत्त्याला लालबिहारी शाह या बंगाली ख्रिस्ती गृहस्थानं. १९०० मधे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी. हीच पुढे दादरची अंधशाळा. आणि त्याच सुमाराला केडगाव. कर्णबधिरांचं म्हणाल तर त्याही आधी, १८८५ च्या सुमारास, मुंबईत बिशप लिओ म्यूराँ यांनी मूकबधिरांसाठी शाळा काढली होती. ती या देशातली पहिली समजतात. यातले प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक एकमेकांचं तोंड बघत नव्हते म्हणा, पण या एका बाबतीत दोघांनी काम केलं.

आता जरा माझ्या धंद्यातलं. ब्रेलबद्दल वाचायला लागल्यावर मला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर सहा बिट. प्रत्येक घरात सहा जागा, प्रत्येक जागी टिंब आहे किंवा नाही. दोनाचा सहावा घात चौसष्ट, त्यातली कोरी जागा सोडली की त्रेसष्ट खुणा. लुई ब्रेलनं हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलं, संगणक नावाची वस्तू नसताना. पण फ्रेंचसाठी ठरलेल्या त्रेसष्ट खुणांवर मराठी कशी बसवायची? क पासून ज्ञ पर्यंत अक्षरं, स्वर, काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरं. इथे प्रत्येक मिशनरी बाई आणि प्रत्येक शाळा आपापलं डोकं चालवत होती. कुणी इंग्रजीच्या उच्चाराला धरून अक्षरं नेमली, कुणी वर्णमालेच्या क्रमानं. १९०२ मधे नोल्स आणि गार्थवेट यांनी पूर्वेकडच्या सगळ्या भाषांसाठी एकच 'ओरिएंटल ब्रेल' सुचवून बघितलं, पण ते सगळीकडे काही चाललं नाही. परिणाम असा की एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतलं पुस्तक वाचता येईना. ज्यांनी युनिकोडच्या आधी मराठीत टायपिंग केलंय त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. श्रीलिपीतली फाईल शिवाजी फाँटमधे उघडल्यावर काय दिसायचं ते आठवा.

हा घोळ सुटायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. युनेस्कोच्या पुढाकारानं चर्चा झाल्या आणि १९५१ मधे भारती ब्रेल ठरलं. त्यात मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांच्या 'क'ला एकच खूण, आणि ती इंग्रजीतल्या के-चीच. म-ला एम, ल-ला एल. 'कमल' लिहायचं तर सरळ तीन घरं. मजा वेलांटीची आहे. 'कि' लिहिताना आपण देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी क-च्या आधी काढतो, ब्रेलमधे ती क-च्या नंतर येते. उच्चाराच्या क्रमानं. युनिकोडमधेही नेमकं हेच आहे, साठवताना आधी क आणि मग वेलांटी. म्हणजे जे ठरवायला आम्हा संगणकवाल्यांनी चाळीस वर्षांनी पुन्हा डोकेफोड केली, ते अंधांच्या लिपीत आधीच ठरलेलं होतं. हलन्ताचं मात्र उलटं आहे. युनिकोडमधे तो अक्षराच्या मागून येतो, ब्रेलमधे जोडाक्षराच्या आधी. कारण वाचणारं बोट पुढे सरकत असतं, त्याला पुढे जोडाक्षर येतंय हे आधीच कळलेलं बरं. असल्या गोष्टी सापडल्या की रविवार सार्थकी लागतो.

असो. मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो जरा अवघड आहे.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते. १९२० च्या आसपासचा जन्म. चार वर्षांचे असताना देवी आल्या आणि डोळे गेले. मी शाळेतून आलो की मला हाक मारून 'हरिविजय' वाचायला लावायचे. "वाच की रं, लेकरा," म्हणायचे, "मला काय दिसतंय व्हय?" मी एखादी ओवी गाळली की पाठीत धपाटा. आख्खा अध्याय त्यांना तोंडपाठ असायचा, मग मला कशाला वाचायला लावतात हा मला त्या वयात पडलेला प्रश्न. आता वाटतं, त्यांना शब्द नको होते, वाचणं हवं होतं. त्यांना स्वतःला एक अक्षर कधी वाचता आलं नाही. आयुष्यभर ओसरीवर बसून वाती वळल्या आणि दोर वळले. ते लहान होते तेव्हा केडगावला ब्रेल शिकवायला लागून वीसेक वर्षं झाली होती. केडगाव मुख्यतः बायका-मुलींसाठी, पण मुंबईत शाळा होत्या. अकलूजपासून केडगाव शंभरेक किलोमीटर.

मी एकदा आजीला विचारलं होतं की त्यांना कुणी शाळेत का नाही घातलं. आजी म्हणाली, "आंधळ्याला कसली शाळा? आन् मिशनात घातला असता तर बाटला नसता व्हय?"

आजीच्या एका वाक्यात दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. पहिलं उत्तर म्हणजे आंधळ्याला शाळा असते हीच गोष्ट गावात कुणाच्या डोक्यात नव्हती. दुसरं म्हणजे शाळा असती तरी तिची किंमत धर्म ही होती.

या दुसऱ्या उत्तराला उडवून लावणारे दोन्हीकडचे लोक मला भेटतात. एक म्हणतात, मिशनरी सेवा करत होते हो, धर्मांतराचं काय घेऊन बसलात. दुसरे म्हणतात, धर्मांतर करायचं होतं म्हणूनच सेवा केली. मला दोन्ही सोयीचं वाटतं. मुक्तीमधे आलेली पाच वर्षांची अंध मुलगी ख्रिस्ती वातावरणातच वाढली, तिला निवड कुणी विचारली नाही हे खरं आहे. रमाबाईंनी ते लपवलंही नाही. १८९३ च्या वादात 'आम्ही धर्मात ढवळाढवळ करत नाही' ही जी भूमिका होती ती केडगावला उरली नव्हती, तिथे सगळं उघड होतं. आणि 'केसरी'नं विचारलेला प्रश्न, की अनाथ लेकराच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याचा धर्म ठरवायचा अधिकार कुणाला, हा काही मूर्खपणाचा प्रश्न नव्हता. आजही कायदा तो विचारतो.

पण मग त्या मुलीचं काय करायचं होतं? आमच्याच शेजारी पंढरपूरला १८७५ पासून प्रार्थना समाजाचं बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम होता. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या न्यायाधीशांनी सुरू केलेला, आपल्याकडच्या सुधारकांनी चालवलेला, मिशनचा काडीचा संबंध नाही. १८९६ मधे कर्व्यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी. (कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आधीच्या गोदूबाई, शारदा सदनातल्याच पहिल्या विधवा विद्यार्थिनी. महाराष्ट्रात सगळ्यांचं सगळ्यांशी नातं निघतं.) उत्तरेत याच दुष्काळांमधे लाला लजपतराय आणि आर्य समाजानं हिंदू अनाथांसाठी मोहीम काढली, ती सरळसरळ मिशनऱ्यांना उत्तर म्हणून. म्हणजे काम करता येत होतं, माणसं होती, पैसा गोळा होत होता. ही स्पर्धा अनाथ लेकरांच्या पथ्यावर पडली असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण सुधारकांची नजर विधवेवर होती, टाकून दिलेल्या अर्भकावर होती, शिकू शकणाऱ्या हुशार मुलीवर होती. अंध मुलीसाठी वेगळी लिपी शिकून घ्यावी, तिच्यासाठी वेगळं घर काढावं, हे त्या काळात मुख्यतः मिशनवाल्यांनीच केलं. अर्धा दोष त्यांच्या हेतूला द्यायचा तर उरलेला अर्धा आपल्या दुर्लक्षाला द्यावा लागतो.

रमाबाईंना 'मिशनरी' या एका खोक्यात टाकणंही सोपं नाही. वाँटेजच्या ज्या सिस्टर्सकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्याशी त्या धर्मसिद्धान्तांवरून पत्रांमधून कडकडून भांडल्या. शाकाहारी राहिल्या, पांढरं लुगडं सोडलं नाही. आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कारण आधीच्या भाषांतरांची संस्कृतप्रचुर मराठी केडगावच्या मुलींना कळत नव्हती. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या त्याच मुली. एकूण ही बाई कुणाचंच ऐकणारी नव्हती, आणि हे मी कानांबद्दल म्हणत नाहीये.

मनोरमाबाई मात्र फार जगल्या नाहीत. केडगावची शाळा, अंधांचं काम, गुलबर्ग्याला काढलेली शाळा या सगळ्यात त्या झिजल्या आणि जुलै १९२१ मधे, चाळिशीत, गेल्या. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने. ५ एप्रिल १९२२. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

यानंतर डोळे जाण्याची कारणंच बदलली. १९७० पासून देशभर लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात झाली. १९७२ चा दुष्काळ माळशिरस, सांगोला भागात भयंकर होता, आजी मिलो आणि सुकडीच्या गोष्टी सांगते. पण त्या वेळी रोजगार हमीची कामं होती, मुलांच्या पोटात सुकडी जात होती. १९७७ मधे भारत देवीमुक्त जाहीर झाला. आमच्या गल्लीतल्या आजोबांसारखा माणूस आता माझ्या मुलीच्या पिढीत दिसणार नाही, आणि याचं श्रेय ना मिशनला ना सुधारकांना, ते लस टोचत गावोगाव फिरलेल्या बिनचेहऱ्याच्या सरकारी माणसांना.

बार्तिमी सदनाबद्दल वाचताना मला एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. शिकलेल्या अंध मुली पुढे कुठे गेल्या? तर बऱ्याच जणी तिथेच राहिल्या. तिथेच शिकवलं, तिथेच विणलं, तिथेच म्हाताऱ्या झाल्या. आजच्या भाषेत याला कोंडून ठेवणं म्हणतात. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, सगळ्यांचा रोख वेगळ्या घरात नको, सगळ्यांच्या शाळेत घाला, असा आहे. मलाही तेच पटतं. माझ्या एका जुन्या कंपनीत स्क्रीन रीडरला चालेल असं सॉफ्टवेअर करायचं काम दर रिलीजला 'पुढच्या वेळी' म्हणून ढकललं जायचं, त्यामुळे 'सगळ्यांबरोबर' या शब्दावर माझा जरा जास्तच जीव आहे.

पण मग अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांचं वाचलं. त्यांचा मिशनशी काही संबंध नाही. त्यांच्या बालगृहात रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं वाढली आणि त्यांना त्यांनी स्वतःचं आडनाव लावलं. शंकरबाबा वर्षानुवर्षं सरकारशी एकाच गोष्टीसाठी भांडतायत. कायद्यानं बालगृहातलं मूल अठराव्या वर्षी बाहेर पडतं, फार तर पुढे थोडी वर्षं मुदत मिळते. ज्याला आईबाप नाहीत आणि जे दिव्यांग आहे, ते त्या दिवशी कुठे जाणार? अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू द्या, असा कायदा करा, ही त्यांची मागणी. म्हणजे बार्तिमी सदनात जे मला खटकलं होतं, नेमकं तेच मागतायत ते. त्यांना २०२४ मधे पद्मश्री मिळाली, कायदा अजून मिळालेला नाही. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली, लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडलेली एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा पास झाली. लिपिक-टंकलेखक पदासाठी.